टेबल मिळेल, पण केव्हा?

शनिवारी रात्री पुण्यातल्या एखाद्या गजबजलेल्या मायक्रोब्रुअरीतून, म्हणजे जिथली बीअर तिथल्याच टाक्यांत तयार होते अशा हॉटेलातून, बाहेर पडणाऱ्या दोन कुटुंबांना थांबवून विचारावे. एक म्हणेल, झकास जागा आहे, इतके ताजे काही बऱ्याच दिवसांत चाखले नव्हते आणि वाढणारा मुलगा तर इतका तत्पर, की मागायच्या आधी पाणी हजर. दुसरे म्हणेल, पुन्हा पायरी चढणार नाही. तासभर दारात ताटकळत ठेवले, पोरांसाठी सांगितलेल्या बटाट्याच्या काचऱ्या जेवण संपल्यावर आल्या, गाण्यांच्या दणदणाटात आईंना काही ऐकूच येत नव्हते, आणि एवढे करून बिलावर दहा टक्के सेवेचे म्हणून वेगळे लावले. कसली सेवा? दोन्ही कुटुंबे खरेच बोलत असतात. बसलीही असतात एकाच दिवाणखान्यात, पंधरा फुटांच्या अंतराने.

यावर आपल्याकडे दोन ठरीव निकाल दिले जातात. एक, 'मालक माजलाय, गर्दी झाली की असेच होते.' दुसरा, 'काही लोकांना कुठेच समाधान नसते.' दोन्ही निकाल द्यायला सोपे आहेत आणि दोन्हींत थोडे तथ्यही आहे. पण या हॉटेलांची घडणच अशी आहे, की तिथे एकाला सुख आणि दुसऱ्याला मनस्ताप हे एकाच कारणातून निघते. ते कारण समजून घ्यायला जरा मागे जावे लागेल.

महाराष्ट्रात हॉटेलच्या पाटीवर 'परमिट रूम' हे दोन शब्द दिसत आले ते १९४९ सालच्या दारूबंदी कायद्यामुळे. पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि परवानेवाल्याने जिथे बसायचे ती खोली निराळी. अंधुक दिवे, जाड पडदे, शेंगदाणे आणि चकलीच्या बश्या, आणि घड्याळाकडे कोणी पाहायचे नाही असा अलिखित करार. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, नाहीतर लाकडी आडोशाच्या पलीकडे, 'फॅमिली रूम' असे. तिथे ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, आजी-आजोबांसह आलेले कुटुंब, मुलांना आइस्क्रीमचे आमिष, आणि तासाभरात हात धुऊन बडीशेप तोंडात टाकून मंडळी घरी. दोन खोल्यांचे दोन जिने होते, दोन प्रकारचे वेटर होते, आणि मुख्य म्हणजे दोन निराळी घड्याळे होती. या खोलीतल्या माणसाने त्या खोलीत डोकावणे हे दोन्हीकडच्यांना अवघडल्यासारखे वाटे.

ताज्या बीअरच्या हॉटेलांनी मधली भिंतच पाडली. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली. देशातल्या अगदी पहिल्या मोजक्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. पुढच्या दहाएक वर्षांत कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर-बालेवाडी या भागांत अशा जागा उभ्या राहिल्या. काचेपलीकडे चकचकीत टाक्या, उंच छत, लाकडी बाके, भट्टीतला पिझ्झा, आणि एकाच टेबलावर बीअर पिणारा मुलगा, लिंबूसरबत घेणारे वडील आणि बाळाला भरवणारी सून. यात लपवाछपवी राहिली नाही, ही आमच्या मते चांगलीच गोष्ट झाली. बायकामुलांसमोर बसून पिणारा माणूस सहसा बेतानेच पितो. पण भिंत पडली तरी ती दोन घड्याळे काही एक झाली नाहीत. परमिट रूमचे गिऱ्हाईक आणि फॅमिली रूमचे गिऱ्हाईक एका छताखाली आले. एक निवांत बसायला आलेले, दुसरे जेवायला आलेले. तक्रारींचे बहुतेक धागे इथून निघतात.

डूलाली या नावाची गोष्ट इथेच सांगायला हवी. (कारण फक्त नावाचे, तिथल्या पाहुणचाराबद्दल आम्ही काही म्हणत नाही.) हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे सोजीर देवळालीच्या छावणीत आणून ठेवीत आणि तिथून त्यांना मायदेशी जाणाऱ्या बोटीवर चढवीत. बोटी साधारण हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. मोसम हुकला की महिनोन् महिने देवळालीच्या माळावर काही काम नाही, काही निरोप नाही, नुसते वाट पाहणे. त्यात काहींची डोकी फिरली, म्हणून 'देवळालीचा ताप' या अर्थाने 'डूलाली टॅप' असा वाक्प्रचार सोजिरांच्या तोंडी बसला आणि इंग्रजी कोशात जाऊन पोहोचला. वाट पाहून भ्रमिष्ट होण्याला सबंध इंग्रजी जगात जे नाव मिळाले ते आपल्या देवळालीचे! शनिवारी रात्री साडेआठला दारातल्या पोरीच्या वहीत नाव लिहून फुटपाथवर उभ्या असलेल्या मंडळींना हा ताप ओळखीचा वाटेल.

त्या वहीचे गणित पाहू. समजा, हॉटेलात चाळीस टेबले आहेत. जेवणारे तासाभरात उठले, तर तासाला चाळीस कुटुंबांची सोय होते. बसणारे दोन तास बसले तर वीस कुटुंबांची, आणि तीन तास बसले तर जेमतेम तेरांची. तुमच्यापुढे वहीत बारा नावे असतील, तर पहिल्या प्रकारच्या हॉटेलात अठरा मिनिटांत तुमचा नंबर लागेल, तिसऱ्या प्रकारच्या हॉटेलात पाऊण तास उलटून जाईल. आता यात शनिवारची मेख अशी, की सगळे साधारण आठलाच आत गेलेले असतात. म्हणजे टेबले दर दीड-दोन मिनिटांनी एक अशी सुटत नाहीत. साडेआठ ते दहा या वेळात जवळजवळ एकही सुटत नाही आणि दहानंतर एकदम दहा-बारा सुटतात. थाळीच्या खाणावळीत असे होत नाही. तिथे पोळी-भात वाढून झाला, ताक प्यायले, की माणूस आपण होऊन उठतो. मागे उभे राहिलेले गिऱ्हाईक त्याच्या ताटाकडे पाहत असते तो भाग वेगळा. बीअरच्या टेबलाला असा शेवट नसतो. शिवाय बसलेला माणूस आणखी एक ग्लास मागवतो, आणि गल्ल्याचा फायदा बऱ्याच अंशी त्या ग्लासातच असतो. मालक त्याला उठवील कशाला?

हे सगळे दारातल्या मुलीला ठाऊक असते. तरी ती म्हणते, 'सर, पंधरा-वीस मिनिटं.' ती खोटारडी नसते. तिला तसे सांगायला शिकवलेले असते, कारण 'दीड तास' म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाईल. आमच्या मते या सगळ्या व्यवहारातला खरा अपराध हा आहे. उशीर नव्हे, तर उशिराबद्दलची ही थाप. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की किती थांबायचे ते माहीत असले तर थांबणे सुसह्य होते. माहीत नसेल, कारण कळत नसेल, आणि त्यातून पक्षपात होतोय असे वाटले, तर तीच दहा मिनिटे तासासारखी जातात. आता सात जणांचे कुटुंब आठ वाजल्यापासून उभे आहे आणि नऊला आलेले जोडपे पाच मिनिटांत आत गेले, की कुटुंबप्रमुखाचा पारा चढणारच. वास्तविक दोघांचे टेबल सुटलेले असते आणि सात जणांसाठी दोन टेबले शेजारी-शेजारी सुटायला हवी असतात. पण हे दोन वाक्यांत सांगायची तसदी कोणी घेत नाही. मग 'ओळखीचे असतील' असा निष्कर्ष निघतो. आत बसल्यानंतर त्या कुटुंबाला सगळेच खारट लागते.

भटारखान्यातली गोष्टही अशीच, बाहेरून दिसत नाही म्हणून गैरसमज वाढवणारी. जेवण आधी आणि तोंडीलावणे नंतर, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे, की तिच्यामागे कोणाचा तरी निष्काळजीपणा असेल असेच वाटते. कधीकधी असतोही. पण बीअरबरोबर लोक मागवतात काय? तळलेले बटाटे, कांद्याची भजी, कोंबडीचे पंख, तळलेली मासळी. म्हणजे चाळीसही टेबलांच्या पहिल्या ऑर्डरी एकाच कढईवर येऊन पडतात. भाताचा नाहीतर पास्त्याचा स्वयंपाकी त्या वेळी तुलनेने मोकळा असतो. त्याच्या हाती कागद पडला की दहा मिनिटांत त्याची बशी खिडकीत. वेटरने दोन्ही एकदम लिहून नेले असेल तर मागाहूनचे आधी येणे ठरलेलेच. अनुभवी कॅप्टन दुसरा कागद मुद्दाम खिशात ठेवतो आणि पहिली बशी टेबलावर पोहोचल्यावरच आत देतो. नवखा मुलगा हे करत नाही. अशा हॉटेलांत माणसे टिकत नाहीत, त्यामुळे शनिवारी तुमच्या वाट्याला जुना कॅप्टन येतो की पंधरा दिवसांपूर्वी लागलेला पोरगा, यावर तुमची संध्याकाळ ठरते. दोन कुटुंबांच्या दोन कहाण्यांतला बराचसा फरक एवढाच.

बीअरबद्दलच्या तक्रारी जरा वेगळ्या जातीच्या, आणि इथे आमची सहानुभूती थोडी हॉटेलवाल्यांकडे झुकते. 'गढूळ होती', 'केळ्याचा वास मारला, इसेन्स घातला असणार', 'पुरेशी गार नव्हती', आणि सर्वांत मोठी, 'यादीत सहा प्रकार, प्रत्यक्षात तीनच!' सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे आणि भरडायचे, इथपर्यंतची कृती आपल्या नाचणीसत्त्वाची सख्खी बहीण आहे. पुढे ते गरम पाण्यात मुरवून त्यातली साखर उतरवून घेतात, हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात, निववतात आणि यीस्ट घालून आंबायला ठेवतात. गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बीअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास त्या यीस्टमधूनच येतो, बाटलीतून नव्हे. ती गाळत नाहीत म्हणून गढूळ दिसते. बेल्जियन पद्धतीच्या बीअरमध्ये तर संत्र्याची साल आणि चक्क धने घालतात. आपल्या गृहिणींना हे ऐकून मौज वाटेल. फार गार केली की हे सगळे वास मरतात. बव्हेरियात १५१६ साली बीअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही असा नियम झाला होता. आपले बीअरवाले त्या मानाने बरेच मोकळे आहेत, आंबा-फणसापर्यंत त्यांची मजल जाते.

पण मुद्दा संपण्याचा. एल जातीची बीअर तयार व्हायला एक-दोन आठवडे, लागर जातीची व्हायला त्याहून बरेच जास्त. शनिवारी रात्री नऊला टाकी रिकामी झाली, तर ती रविवारी भरत नाही. बाटलीबंद बीअरचे गुदाम असते, हिचे नसते. संपणे हा तिच्या ताजेपणाचाच भाग आहे. तेव्हा 'संपली' याचा राग नको. राग यावा तो मेन्यूकार्ड देताना गप्प बसून, तुम्ही निवड केल्यावर 'ती नाहीये सर' म्हणणाऱ्याचा. संपलेल्या पदार्थांवर खडूने काट मारलेला फळा आपल्या साध्या मिसळवाल्याकडेही असतो. आणि घोटभर चव दाखवायची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, ती मागून घ्यावी. कडवट जातीच्या बीअरचा मोठा ग्लास मागवून तोंड वाकडे करणारे बरेच पाहिले आहेत.

आवाजाबद्दल फार लिहायला नको. संगीत मोठे, म्हणून माणसे मोठ्याने बोलतात, म्हणून संगीत आणखी मोठे करतात. उघड्या गच्चीवर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावायला २००० सालच्या नियमांनीच बंदी आहे, आणि शेजारच्या इमारतीत झोपू पाहणारी कुटुंबेही हेच वर्तमानपत्र वाचतात.

एका तक्रारीच्या बाबतीत मात्र आम्ही ठामपणे गिऱ्हाइकाच्या विरुद्ध आहोत. 'आमच्या मुलीला वयाचा दाखला मागितला, आईबाप समोर बसलेले असताना! अपमानच झाला.' महाराष्ट्रात बीअरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर ठार झाले. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत होता, आणि त्याआधी त्याला मद्य मिळाले होते, असे तपासात पुढे आले. त्यानंतर शहरात महिनाभर जी चर्चा झाली तिचा सूर 'हॉटेलवाले कोणालाही देतात' असाच होता ना? मग दाखला मागणाऱ्या मुलावर डोळे वटारून कसे चालेल? तो मुलगा त्या वेळी कायद्याचे काम करत असतो, आणि चार मोठ्या माणसांसमोर ते करायला त्याला धीर लागतो. गाडीचेही तेच. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम मद्यार्क ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ती ओलांडायला फार काही लागत नाही. गाडी चालवणाऱ्याने सरबतच घ्यावे, हे घरून निघतानाच ठरवलेले बरे.

आता बिल. शेवटी हातात येते म्हणून असेल, पण सगळ्या संध्याकाळचा हिशेब लोक त्याच्यावर मांडतात. बिलावरच्या करांच्या दोन ओळी पाहून 'दुहेरी कर लावला' असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जेवणावर जीएसटी, साधारण हॉटेलात ५ टक्के. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून त्यावर राज्याचा व्हॅट. तो २०२३ सालच्या नोव्हेंबरात ५ वरून १० टक्के झाला. म्हणजे पंधराशेचे खाणे आणि हजाराची बीअर असेल, तर ७५ आणि १०० असे पावणेदोनशे रुपये सरकारचे. ते द्यायचेच आहेत.

सेवाशुल्काचे तसे नाही. तो कर नव्हे. तो हॉटेलवाल्याने आपल्या मर्जीने लावलेला आकडा. वरच्या बिलावर दहा टक्क्यांनी तो अडीचशे रुपये होतो, सरकारच्या दोन्ही करांच्या बेरजेहून अधिक. केंद्र सरकारने २०१७ सालीच सांगितले होते, की हे शुल्क ऐच्छिक आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते आपोआप बिलात घालायलाच मनाई केली. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि जवळजवळ पावणेतीन वर्षांनी, २८ मार्च २०२५ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. दोन्ही संघटनांना एकेक लाख रुपयांचा दंडही केला.

हॉटेलवाल्यांचा युक्तिवाद मात्र अगदीच उडवून लावण्याजोगा नाही. ते म्हणतात, टिप वाढणाऱ्याला मिळते. कढईपाशी उभा राहणारा, भांडी घासणारा, टाक्या धुणारा, यांच्याकडे गिऱ्हाईक बघतही नाही. एकत्र शुल्क घेऊन सगळ्यांत वाटले तर काय वाईट? वाईट काहीच नाही, वाटले तर. पण किती वाटले हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि पुष्कळदा त्या भांडी घासणाऱ्यालाही दिसत नाही. त्याला अधिक द्यायचे असेल तर पगार वाढवावा आणि पदार्थांच्या किमती त्या मानाने वाढवाव्यात. कार्डावर वाचून गिऱ्हाईक ठरवील काय मागवायचे ते. जेवण झाल्यावर, सगळ्यांसमोर, 'हे काढून टाका' म्हणण्याचा संकोच माणसाला वाटतो, आणि सगळा धंदा त्या संकोचावर चालतो. नवी सून बरोबर असताना कोण म्हणणार?

ज्या मुलाच्या नावाने हे पैसे घेतात, तो ओडिशातून, आसामातून, नेपाळातून, नाहीतर आपल्याच बीड-नांदेडकडून आलेला असतो. दुपारपासून उभा असतो, आणि शेवटचे टेबल उठून बाकांवर खुर्च्या चढवेपर्यंत त्याचे जेवण झालेले नसते. थाप दारात मारली गेली, उशीर भटारखान्यात झाला, आकडा गल्ल्यावर वाढला. शिव्या खायला टेबलापाशी तो एकटा. 'शुक शुक' करून, नाहीतर चुटकी वाजवून त्याला बोलावणारे सुशिक्षित गृहस्थ दर शनिवारी दिसतात. त्याच्या जागी मॅनेजरला बोलावून शांतपणे चार शब्द सुनावले, तर पुढच्या शनिवारी निदान वहीवरची मुलगी खरी वेळ सांगू लागेल, एवढी आशा धरायला हरकत नाही.

तोवर व्यवहाराचे एवढेच: आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील तर साडेसातच्या आत पोहोचावे, म्हणजे बसणाऱ्यांची लाट येण्याआधी जेवण उरकते. दारातच तीन गोष्टी विचाराव्यात: आमच्यापुढे किती नावे, आज काय संपले आहे, आणि बिलात सेवाशुल्क घालता का. तिसऱ्याचे उत्तर 'हो' आले तर ते नको असल्याचे तिथेच सांगून ठेवावे. बिल आल्यावर सांगण्यापेक्षा ते सोपे जाते. तरीही घातले आणि काढायला नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि मुलाने मनापासून वाढले असेल तर टिप त्याच्या हातात, रोख द्यावी. कार्डावर दिलेली टिप आधी गल्ल्यात जाते, आणि तिथून त्याच्यापर्यंत केव्हा पोहोचेल ते त्यालाही कोणी सांगत नाही.